फुगा फुटला, छर्रा कुठे गेला? रायफल नेमबाजीतली ‘रिॲक्टिव्ह टार्गेट’ आणि सुरक्षितता

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले. नवी मुंबईकरांसाठी तर नेमबाजी आणखी जवळची. अथेन्स ऑलिम्पिक २००४ मध्ये १० मीटर एअर रायफलची अंतिम फेरी गाठलेल्या सुमा शिरूर पनवेलच्या लक्ष्य शूटिंग क्लबमध्ये मुलामुलींना घडवतात. टोकियो आणि पॅरिस, दोन्ही पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेली अवनी लेखरा त्यांचीच शिष्या. अशी नावे ऐकली की मुले अब्बांच्या मागे लागतात, ‘आम्हालाही एअर रायफल हवी!’

शौक चांगला आहे. त्याने एकाग्रता वाढते, श्वासावर ताबा येतो, सबर शिकायला मिळतो. पण एअर रायफल घरात आली की मूल कागदावर फार दिवस नेम धरत नाही. त्याला काहीतरी फुटलेले, पडलेले, वाजलेले पाहायचे असते. तिथेच ‘रिॲक्टिव्ह टार्गेट’ येते आणि बहुतेक धोकाही तिथूनच सुरू होतो.

रिॲक्टिव्ह टार्गेट म्हणजे काय?

कागदाच्या टार्गेटला भोक पडते, ते जवळ जाऊन किंवा दुर्बिणीतून पाहावे लागते. रिॲक्टिव्ह टार्गेट मात्र नेम लागताच उत्तर देते. त्याचे साधारण चार प्रकार आहेत.

१. फुटणारे: जत्रेतला फुगा, खडू, मातीची चकती. ऑलिम्पिकच्या ट्रॅप आणि स्कीट स्पर्धेत हवेत उडणारी ‘क्ले’ चकती याच प्रकारातली. तिचा व्यास ११० मिलिमीटर असतो. मात्र ती शॉटगनने फोडतात, रायफलने नाही.

२. पडणारे: धातूचे छोटे पत्रे किंवा आकृत्या. मेक्सिकोत सुरू झालेल्या ‘सिल्हूट’ खेळात कोंबडी, डुक्कर, टर्की आणि मेंढा यांच्या लोखंडी आकृत्या पाडायच्या असतात.

३. वाजणारे किंवा फिरणारे: टांगलेली लोखंडी प्लेट, गरगर फिरणारा ‘स्पिनर’.

४. रंग बदलणारे: हिवाळी ऑलिम्पिकमधल्या बायथलॉनमध्ये ५० मीटरवर पाच काळी टार्गेट असतात. झोपून मारताना ४५ मिलिमीटरचे, उभे राहून मारताना ११५ मिलिमीटरचे. नेम लागला की काळ्याच्या जागी पांढरे दिसते.

आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीचे टार्गेट म्हणजे फुगा. डिसेंबरातला माहीमचा मेळा असो की जुहू चौपाटी, फळीवर रंगीत फुगे आणि समोर बंदूक घेतलेली पोरे हे दृश्य प्रत्येकाने पाहिलेले आहे.

छर्ऱ्यात ताकद किती?

आठवी-नववीचे गणित पुरे. साध्या ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ बोअरच्या शिशाच्या छर्ऱ्याचे वजन सुमारे अर्धा ग्रॅम, नेमके धरायचे तर ०.५३ ग्रॅम. स्पर्धेच्या रायफलमधून तो सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने सुटतो. म्हणजे ताशी ६०० किलोमीटरहून जास्त. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचा अर्धा केला की ऊर्जा येते सुमारे ७.७ जूल. शिकवणीत शांतपणे वापरायची, कमी ताकदीची रायफल म्हणतात ती ही.

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या बोअरच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. २० जूलला तोच छर्रा सेकंदाला सुमारे २७५ मीटर वेग घेतो. तेव्हा ‘परवाना लागत नाही’ याचा अर्थ ‘खेळणे आहे’ असा कोणी घेऊ नये. हा छर्रा मोकळ्यावर काहीशे मीटर जाऊ शकतो. सोसायटीच्या गच्चीवरून सुटला तर समोरच्या विंगची बाल्कनी त्याला अजिबात दूर नाही. .२२ ची रायफल तर बंदूकच आहे. ती परवाना आणि अधिकृत रेंज यांच्याबाहेर वापरायचा प्रश्नच येत नाही.

टार्गेट छर्रा थांबवत नाही

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. फुगा फुटतो, पण छर्रा त्याच वेगाने पुढे जातो. डबा पडतो, पण छर्रा त्याला भोक पाडून किंवा त्यावरून घसरून तिसरीकडेच जातो. नेम चुकला तर टार्गेटचा संबंधच उरत नाही. छर्रा थांबवायचे काम टार्गेटच्या मागच्या ‘बॅकस्टॉप’चे असते. म्हणून आधी बॅकस्टॉप, मग टार्गेट.

विटेची भिंत, सिमेंट, जाड लाकूड हे बॅकस्टॉप नव्हेत. त्यावरून छर्रा उलटतो. एअर रायफलसाठी चाळलेल्या, खडे नसलेल्या वाळूची पोती चालतात. जुन्या रद्दीने ठासून भरलेला जाड खोकाही चालतो, मात्र तो झिजला की रद्दी बदलत राहावी लागते. तयार मिळणाऱ्या लोखंडी ‘पेलेट ट्रॅप’मध्ये तिरकी प्लेट असते. ती छर्रा खाली पेटीत पाडते. बॅकस्टॉप टार्गेटपेक्षा पुष्कळ मोठा हवा, कारण नवशिक्याचा नेम हातभर चुकतो.

कशावर मारू नये?

- काचेची बाटली, जुनी ट्यूबलाइट, फरशीचा तुकडा. काचा दूर उडतात आणि गवतात राहतात. ट्यूबलाइटमध्ये पाराही असतो.
- दगड, गोल पाइप, नारळाची करवंटी. गोल किंवा ओबडधोबड टणक पृष्ठभागावरून छर्रा कुठे वळेल याचा अंदाज कोणालाच येत नाही.
- तलाव किंवा खाडीचे पाणी. चपटा दगड पाण्यावर टप्पे घेतो, तसाच तिरका आलेला छर्राही घेतो.
- डिओचा कॅन, लायटर, फटाके, गॅसचा छोटा सिलिंडर. हे फुटतात, पेटतात.
- पक्षी, मांजर, कुत्रा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली वन्य पक्षी मारणे गुन्हा आहे. नेरुळच्या पाणथळीतले फ्लेमिंगो काय किंवा कर्नाळ्याचे पक्षी काय, ते टार्गेट नव्हेत.

अमेरिकेत गोळी लागताच स्फोट होणारी टार्गेटही विकली जातात. एप्रिल २०१७ मध्ये ॲरिझोनात बाळ मुलगा की मुलगी हे जाहीर करण्याच्या कार्यक्रमात असे एक टार्गेट उडवले गेले. त्यातून लागलेल्या वणव्यात सुमारे ४७,००० एकर जमीन जळाली. आपल्याकडे स्फोटके आणि अमोनियम नायट्रेट यांवर कडक कायदे आहेत. इंटरनेटवर व्हिडिओ पाहून मुले असे काही घरी करू पाहत असतील तर तिथल्या तिथे थांबवा.

मग कशावर मारावे?

सुरुवात कागदापासूनच. १० मीटर एअर रायफलच्या अधिकृत टार्गेटचा व्यास ४५.५ मिलिमीटर आणि मधला दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. मूल एकदा त्या ठिपक्याच्या मागे लागले की कंटाळत नाही.

फुटणारे हवे तर शाळेचा खडू उत्तम. उभा करून ठेवा, नेम लागला की भुकटी होते. चिकणमातीच्या उन्हात वाळवलेल्या चकत्याही चालतात. काही जण बिस्किटे, पापड लावतात. ते फुटतात छान, पण रिज्क वाया घालवायचे कशाला? टांगायचे असेल तर प्लास्टिकच्या बाटलीचे झाकण दोऱ्याला बांधा. फुगाही चालेल. अट तीच, मागे पुरेसा मोठा बॅकस्टॉप हवा.

लोखंडी स्पिनर किंवा पडणारी टार्गेट घ्यायची तर हे पाळा:

- त्यांवर फक्त शिशाचे छर्रे मारा. गोल पोलादी ‘बीबी’ मुळीच नको. शिसे आपटून चपटे होते, पोलाद आपटून उलट येते.
- ते टार्गेट आपल्या रायफलसाठी बनवलेले आहे का ते पाहा. उत्पादकाने सांगितलेल्या अंतराहून जवळ जाऊ नका. अंतर दिलेले नसेल तर किमान १० मीटर ठेवा.
- प्लेटचा वरचा भाग थोडा आपल्याकडे झुकलेला ठेवा, म्हणजे शिशाचे तुकडे जमिनीकडे जातात.
- प्लेटवर खड्डे पडले, ती वाकली की टाकून द्या. खड्ड्यातून तुकडे मागे उडतात.
- पडलेले टार्गेट दोरी ओढून उभे करता येते. पुढे जायचेच असेल तर आधी सगळ्यांच्या रायफली रिकाम्या, उघड्या आणि खाली ठेवलेल्या हव्यात. एकाने मोठ्याने सांगेपर्यंत कोणी पुढे जायचे नाही.

चष्मा आणि हात

सर्वात नाजूक अवयव डोळा. सेफ्टी चष्मा मारणाऱ्यानेही घालायचा आणि बाजूला उभ्या राहून पाहणाऱ्या बहीण-भावांनीही. नंबरचा साधा चष्मा त्याच्या जागी चालत नाही.

छर्रे शिशाचे असतात आणि शिसे विषारी आहे. मुले छर्रे ओठांत धरतात, ते बंद करा. सराव झाला की साबणाने हात धुवा, मगच खाणे. रायफल आणि छर्रे वेगवेगळ्या कुलपात ठेवा, किल्ली मोठ्यांकडे. मोठे माणूस शेजारी असल्याशिवाय सराव नाही.

बोट ट्रिगरवर शेवटच्या क्षणीच जाईल आणि नळी कायम टार्गेटच्या दिशेला राहील, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. ‘रिकामी आहे’ असे म्हणून कोणाकडेही रायफल रोखू नये. स्पर्धेच्या रेंजवर रायफल रिकामी आहे हे दिसावे म्हणून नळीतून भडक रंगाची ‘सेफ्टी फ्लॅग’ दोरी घालतात. घरीही ती घालता येते.

दीनच्या शिकवणीतही हे आहे. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये उगाच खडे भिरकावण्याला मनाई आलेली आहे. कारण असे दिले आहे की त्याने ना शिकार होते, ना दुश्मन जखमी होतो, पण डोळा फुटतो आणि दात तुटतो. मस्जिद किंवा बाजारातून बाण नेताना टोके हाताने धरून ठेवावीत आणि जिवंत प्राण्याला निशाणा बनवू नये, हेही त्याच संग्रहांत येते.

मेळ्यातल्या स्टॉलवर

पैसे देण्याआधी अर्धा मिनिट थांबून पाहा. फुग्यांच्या फळीमागे काय आहे? नुसता कापड असेल आणि पलीकडून माणसे जात असतील तर पुढे चला. बंदूक भरून देणारा नळी कोणाकडे रोखतो? फुगे लावायला माणूस पुढे गेलेला असताना दुसरा कोणी मारतो आहे का? लहान मुले टेबलाच्या पुढे तर आलेली नाहीत ना? उत्तर समाधानकारक नसेल तर मुलाला भेळ खाऊ घाला, फुगा राहू द्या.

डोळ्याला लागलेच तर

डोळा चोळू नका, दाबू नका, धुऊ नका. कोणतेही मलम किंवा थेंब घालू नका. आत रुतलेले काही काढायला जाऊ नका. स्वच्छ कागदी कप डोळ्यावर उपडा ठेवून, डोळ्यावर दाब न येता, हलक्या पट्टीने बांधा. डोके वर ठेवा. ऑपरेशनची गरज पडू शकते म्हणून खायला-प्यायला देऊ नका. १०८ ला फोन करा किंवा सरळ नेत्रविभाग असलेल्या रुग्णालयात न्या. छर्ऱ्यांची डबी बरोबर घ्या. छर्रा शिशाचा की पोलादी हे डॉक्टरांना कळणे गरजेचे असते, कारण पोलादी तुकडा आत असेल तर एमआरआय धोक्याचा ठरतो.

दुसऱ्या कोणाला इजा झाली तर ‘चुकून सुटला’ म्हणून सुटका होत नाही. दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षा धोक्यात घालणारे बेफिकीर कृत्य भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा आहे.

कुठे शिकावे?

फ्लॅट, गच्ची, पार्किंग, सोसायटीचे मैदान या सरावाच्या जागा नव्हेत. नवी मुंबईतल्या मुलांना पनवेलचा क्लब जवळ आहे. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. कॉलेजमध्ये एनसीसी घेतली तर प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली .२२ रायफल हाताळता येते. क्लबमध्ये नाव घालण्याआधी वयाची अट, फी आणि मुलींसाठीच्या वेळा विचारून घ्या. रायफल विकत घ्यायची घाई करू नका. पहिले काही महिने क्लबच्या रायफलवर काढा. तोपर्यंत मुलाला खरेच नेमबाजी आवडते की नुसते फुगे फोडायला आवडतात, हे त्यालाही कळेल आणि आपल्यालाही.