नाक दाबलं तेव्हा

तुम्ही इस्रायलमधल्या रेहोवोतला, वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये, रॉन मिलो यांच्या प्रयोगशाळेत उभे आहात. इथलं काम २०१९च्या नोव्हेंबरात ‘सेल’ या नियतकालिकात छापून येईल, त्याला अजून अवकाश आहे. समोर काचेचं भांडं, आत ३७ अंशांवर ढवळलं जाणारं द्रावण. एका नळीतून ताजं खाद्य थेंब-थेंब येतंय, तेवढंच द्रावण दुसरीकडून बाहेर पडतंय. जो जंतू रेंगाळेल तो सरळ वाहून जाणार.

जंतू आपल्या आतड्यातलाच, ई. कोलाय. आयत्या साखरेवर पोसलेला. त्याच्यात आता रुबिस्कोचं जनुक घातलंय. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडायला उसापासून शेवाळापर्यंत सगळे वापरतात ते विकर. जनुक घातलं की काम फत्ते, असं बातम्या वाचून वाटतं. पण रुबिस्को भलतंच संथ: सेकंदाला कार्बन डायऑक्साइडचे जेमतेम काही रेणू हाताळणार, त्यातही मधूनच चुकून ऑक्सिजन धरणार. ताटात साखर असताना असल्या विकराकडे कोण बघतो?

म्हणून इथे जंतूचं नाक दाबलंय. झायलोज ही साखर पचवायचे नेहमीचे रस्ते जनुकं काढून बंद केलेत. ती खायची तर रुबिस्कोला कामाला लावावंच लागेल. शिवाय ती मिळते जीव जगवण्यापुरती. फॉर्मेट मात्र हवं तेवढं. मुंगी चावल्यावर जे आम्ल झोंबतं, त्याचाच हा क्षार. त्यातून फक्त ऊर्जा घ्यायची. अंग बांधायला कार्बन हवा असेल तर तो वायूतून. वर पुरवलेल्या हवेत १० टक्के कार्बन डायऑक्साइड आहे.

आठवडे सरकवा. महिने सरकवा. पंप चालू, ढवळणं चालू, आणि सांगण्यासारखं काही नाही.

सुमारे २०० दिवसांनी थांबा. भांड्यातला नमुना काढून साखरेचा कणही नसलेल्या द्रावणात घातलाय. खाली नुसतं फॉर्मेट नि क्षार, वर वायू. परीक्षानळी उजेडासमोर धरून बघा: द्रावण गढुळलंय. जंतू वाढताहेत! संशोधकांचा मात्र एवढ्यावर विश्वास नाही, आणि नसावाच. ते कार्बन-१३ची खूण असलेला कार्बन डायऑक्साइड देतात, मग पेशी फोडून अमिनो आम्लं तपासतात. खूण सगळीकडे सापडते. म्हणजे अंगातला कार्बन खरंच वायूतूनच आलाय. वाटेत जंतूच्या जनुकांत काही बदल आपसूकही झालेत, कुणी न घातलेले.

चांगल्या खाद्यावर २० मिनिटांत दुप्पट होणाऱ्या या जंतूला आता १८ तास लागतात. आणि हवा स्वच्छ करणारा जंतू म्हणून कुणी त्याची जाहिरात करू लागला, तर थेट विचारा: फॉर्मेटचं काय? ते जाळताना हा जंतू जितका कार्बन डायऑक्साइड पकडतो, त्याहून जास्त बाहेर सोडतो. मिलो यांच्या गटाने हे लपवलेलं नाही. फॉर्मेट विजेवर, तेही हवेतल्याच कार्बनपासून बनवता आलं तर हिशेब बदलेल, असं त्यांचं म्हणणं.