दाद

खाशाबा जाधवांच्या कांस्यपदकाची गोष्ट आपल्याकडे इतक्यांदा सांगितली गेली आहे, की तिचा शेवट सगळ्यांना पाठ आहे: कराडहून गोळेश्वरकडे निघालेली 151 बैलगाड्यांची मिरवणूक. त्या मिरवणुकीच्या आधी दोन तक्रारी आहेत. एक केली गेली आणि ती ऐकली गेली. दुसरी करायला कुणी नव्हतंच. पदकापेक्षा मला या दोन तक्रारींचं कुतूहल जास्त.

पहिली मद्रासची. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या निवडीआधी मद्रासला राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिथे बंगालच्या निरंजन दासपुढे खाशाबा एका गुणाने हरले असं जाहीर झालं. तो गुण आपल्याला मुद्दाम कमी दिला गेला, असं खाशाबांचं म्हणणं. त्यांनी थेट पतियाळाचे महाराज यादवींद्रसिंग यांच्याकडे दाद मागितली. महाराज तेव्हा भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते. महाराजांना कुस्ती कळत होती. त्यांनी कागदावरचे गुण खोडले नाहीत, कुस्ती पुन्हा लावून दिली आणि खाशाबांनी दासला पाडलं. मग हेलसिंकीच्या खर्चाची धावाधाव. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी त्यासाठी स्वतःचं घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले.

‘दाद’ हा शब्द भाषांतर करताना मला नेहमी अडवतो. मी राहते ते रसमडा म्हणजे दुर्ग सोडलं की राजनांदगावच्या दिशेला लागणारं स्टेशन. घरात मराठी, दारात हिंदी आणि छत्तीसगढी. हिंदीत दाद दिली जाते ती शेराला, गाण्याला. (नायट्यालाही हिंदीत दादच म्हणतात, ते सोडून देऊ.) मूळ फारसीत मात्र दाद म्हणजे न्याय. मराठीने दोन्ही अर्थ ठेवले: गवयाला दाद द्यायची आणि सरकारदरबारी दाद मागायची. ‘दाद ना फिर्याद’ हा वाक्प्रचार हिंदी वाचकाला समजावून सांगायला मला अख्खं वाक्य खर्ची घालावं लागतं. आणि मागितलेली दाद मिळायला ऐकणारा लागतो, तसा त्याला समजेल असं बोलणाराही लागतो.

हेलसिंकीत नेमका तो नव्हता. बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडाचा पोलिक्वँ, मेक्सिकोचा बासुर्तो आणि जर्मनीचा श्मिट्झ यांना हरवलं होतं. मातीत वाढलेला हा माणूस गादीवर सहज वावरत होता, कारण 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा येऊन तो गादीची रीत शिकला होता. मग जपानच्या शोहाची इशीईशी लांबलेली, दमवणारी लढत झाली आणि ती इशीईने जिंकली. त्यानंतर लगेच खाशाबांना सोव्हिएत युनियनच्या रशीद मम्मदबेयोवसमोर उभं राहायला सांगण्यात आलं. दोन लढतींमध्ये अर्धा तास विश्रांती द्यावी असा नियम होता. तो नियम पुढे करून पंचांच्या टेबलाशी भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा हरले. इशीईला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य.

विश्रांती मिळाली असती तर ते जिंकले असते, असं आपण फार सहज म्हणतो. मी म्हणणार नाही. सोव्हिएत संघ पहिल्यांदाच ऑलिंपिकला आला होता आणि त्याचे मल्ल कच्चे नव्हते. मला खटकतो तो अर्धा तास. तो हक्काचा होता आणि मागण्यासाठी एकच वाक्य पुरलं असतं.

पुढे 1955 च्या करारानंतर त्याच सोव्हिएत देशाचे अभियंते आमच्या भिलाईत आले. त्यांच्याबरोबर दुभाषे असत. पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 च्या फेब्रुवारीत सुरू झाली, तिचं श्रेय अभियंत्यांना आणि कामगारांना मिळालं आणि ते योग्यच. पण भट्टीशेजारी उभा राहून ‘ते असं म्हणताहेत’ एवढंच सांगणारा माणूस मला त्या साऱ्या उद्योगात महत्त्वाचा वाटतो. माझाच धंदा तो, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरा. हेलसिंकीच्या गादीशेजारी असा एक जण हवा होता.

बॉक्सिंगमध्ये हा प्रश्न जास्त उघडा पडतो, कारण तिथे बहुतेक निकाल पाच किंवा तीन माणसांच्या नजरेवर लागतो. 1988 च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत अमेरिकेच्या रॉय जोन्सने 86 ठोसे लगावले, कोरियाच्या पार्क सी-हूनने 32. पंचांनी 3-2 ने पार्कला विजयी ठरवलं. त्या गोंधळानंतर यंत्रावर गुण मोजायची पद्धत आली, आणि पुढे तीही गेली.

2012 मध्ये लंडनला आपल्या विकास कृष्णने अमेरिकेच्या एरॉल स्पेन्सला 13-11 ने हरवलं. अमेरिकेच्या संघाने त्याच रात्री नियमांवर बोट ठेवून तक्रार दिली: तिसऱ्या फेरीत विकासने नऊ वेळा प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवलं, दुसऱ्या फेरीत दातांवरचं कवच मुद्दाम थुंकलं आणि रेफरीने समज दिली नाही. तक्रार मान्य झाली, निकाल 15-13 असा फिरला. आपण दाद मागायला क्रीडा लवादाकडे गेलो, तिथे हरलो. अमेरिकेवर चडफडण्यात अर्थ नाही. त्यांची तक्रार वाचली तर ती चोख आहे.

दोन वर्षांनी इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत मणिपूरच्या सरिता देवीची पाळी आली. उपांत्य फेरीत कोरियाच्या पार्क जी-नाला तिने भरपूर झोडपलं, आणि तिन्ही पंचांनी पार्कला विजयी केलं. तक्रारीचं शुल्क 500 डॉलर. ते भरण्यासाठी एका पत्रकाराने पैसे पुढे केले. तक्रार फेटाळली गेली, कारण पंचांनी दिलेल्या गुणांविरुद्ध दाद मागण्याची सोयच नियमांत नव्हती. दुसऱ्या दिवशी पदकं देताना सरिताने आपलं कांस्य काढून पार्कच्याच गळ्यात घातलं. तिला माफी मागावी लागली, वर एक वर्षाची बंदी आली. कुठल्याही टेबलावर न ऐकलेली गोष्ट तिने अशी सांगितली, तर टेबलाला ती नीट ऐकू गेली. सोलचा तो पार्क मात्र 2023 मध्ये अमेरिकेत रॉय जोन्सच्या घरी गेला आणि आपलं सुवर्णपदक त्याच्या हाती देऊन आला. पस्तीस वर्षांनी दाद मिळाली ती प्रतिस्पर्ध्याकडून.

हे सगळं पुन्हा उकरायला मला भाग पाडलं ते 2 फेब्रुवारी 2025 च्या अहिल्यानगरने. महाराष्ट्र केसरीत गादी आणि माती असे दोन विभाग. दोन्हींतले विजेते गदेसाठी लढतात. गादीच्या निर्णायक लढतीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चीतपट केल्याचा निकाल रेफरीने दिला. राक्षेचं म्हणणं, पाठ टेकलीच नव्हती, चित्रण पाहा. गुणांवर वाद होणं समजू शकतं. पण चीतपट हा कुस्तीतला सर्वांत जुना, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसावा असा निकाल. त्यावरच वाद. वाद वाढला, राक्षेने रेफरीची कॉलर धरली आणि लाथ मारली. लाथेचं समर्थन मी करणार नाही. तिच्यामुळे खांदे टेकले होते की नव्हते हा प्रश्न त्याच रात्री मागे पडला.

अंतिम कुस्तीत मातीचा विजेता महेंद्र गायकवाड पंचांच्या निर्णयावर चिडून काही सेकंद उरले असताना गादी सोडून गेला. राक्षे आणि गायकवाड, दोघांवर राज्य कुस्तीगीर संघाने तीन वर्षांची बंदी घातली. माजी महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांनी 2009 साली आपल्यावरही असाच अन्याय झाल्याचं सांगत आपल्या दोन्ही गदा परत करण्याची भाषा केली.

याच गायकवाडला जानेवारी 2023 मध्ये पुण्यात माती विभागाच्या लढतीत ‘बाहेरची टांग’ डावावर चार गुण मिळाले होते, आणि सिकंदर शेख हरला होता. चार की दोन, यावर महाराष्ट्र कित्येक दिवस भांडत होता; गुण देणाऱ्या पंचाला फोनवरून धमक्या आल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला सिकंदर पुन्हा महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत उतरला. समोर शिवराज राक्षे. झोळी डाव टाकून सिकंदरने त्याला अर्ध्या मिनिटाच्या आत चीत केलं, आणि या वेळी गुण मोजायचा प्रश्नच आला नाही.