लायडन कुपी आणि 'वर्चस्' संज्ञेचा उदय

इ. स. १७४५ मध्ये पोमेरानियात फॉन क्लाइस्ट यांना, व त्यानंतर लवकरच लायडन येथे मुसेनब्रुक यांना, काचेच्या कुपीत विद्युत् साठविता येते असे आढळून आले. त्या काळी विद्युत् हा द्रव मानला जात असे. म्हणून कुपी हे त्याचे भांडे ठरले. परंतु १७४७ मध्ये फ्रँकलिन यांनी असे प्रतिपादन केले की, कुपीच्या आत जितकी विद्युत् वाढते तितकीच बाहेरच्या बाजूस घटते. एकूण साठ्यात वाढ होतच नाही. मग कुपीस स्पर्श करणाऱ्यास धक्का बसतो तो कशाचा?

या प्रश्नाला उत्तर देण्यास तत्कालीन परिभाषा अपुरी होती. व्होल्टा यांनी पुढे भार, धारकता व 'ताण' यांची सांगड घातली. तरी ताणाचा अर्थ संदिग्धच राहिला. १८२८ मध्ये नॉटिंगहॅमचे गिरणीवाले जॉर्ज ग्रीन यांनी एका गणिती फलनास 'पोटेन्शियल' हे नाव दिले. त्यांचा निबंध १८४५ मध्ये विल्यम टॉमसन यांच्या हाती पडेपर्यंत जवळजवळ अज्ञातच होता. मराठीत या संज्ञेसाठी 'वर्चस्' व 'विभव' हे दोन शब्द आले.

एकक भार एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत नेण्यास लागणारे कार्य म्हणजे त्या बिंदूंमधील वर्चस्-भेद. कुपी भारित होताना हा भेद शून्यापासून वाढत जातो. म्हणून साठलेली ऊर्जा भार व अंतिम वर्चस्-भेद यांच्या गुणाकाराच्या निम्मी भरते. भार विलग करण्यासाठी केलेले कार्यच कुपीत साठून राहते. 'साठा' हा शब्द टिकला; त्याचा अर्थ मात्र पालटला.