लहान झालेलें जठर आणि आग्रहाचें पान

मनुष्य काय खातो याचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. परंतु तो किती खातो आणि ‘पुरे’ हा शब्द केव्हां उच्चारतो, हा प्रश्न इतिहासाच्या ग्रंथांत क्वचितच येतो. गेल्या पंचवीस वर्षांत पुण्यामुंबईच्या रुग्णालयांत अतिस्थूलतेवर जी जठराची शस्त्रक्रिया होऊं लागली आहे, तिनें हा प्रश्न आमच्या स्वयंपाकघरांत आणून ठेविला आहे. २०११ सालीं भारतीय जनता पक्षाचे तेव्हांचे अध्यक्ष नितीन गडकरी यांनीं ती करून घेतली, तेव्हां वर्तमानपत्रांतून तिचें नांव सर्वतोमुखीं झालें. आतां शिरूर-दौंडसारख्या तालुक्याच्या गांवींही तिचा विचार करणारीं कुटुंबें आढळतात. शस्त्रक्रिया झालेल्या मनुष्याचें वजन किती उतरलें याची चौकशी सर्वजण करतात. त्याच्या पानावर काय व किती वाढावें, याचा विचार मात्र थोडे करतात. या शस्त्रक्रियेच्या इतिहासाचा मोठा भाग पानावरच घडलेला आहे, आणि तोच येथें सांगावयाचा आहे.

जठरावर शस्त्र चालविण्याचा आरंभ कर्करोगासाठीं व व्रणासाठीं झाला. व्हिएन्ना येथील थिओडोर बिलरोट यानें १८८१ च्या जानेवारींत जठराचा रोगग्रस्त भाग कापून उरलेलें जठर आतड्यास जोडलें, आणि रोगी त्या शस्त्रक्रियेंतून वांचला. १८९७ सालीं झूरिक येथें कार्ल श्लाटर यानें एका स्त्रीचें संपूर्ण जठर काढलें. ती पुढें वर्षाहून अधिक काळ जगली. जठरावांचून मनुष्य जगतो, ही गोष्ट त्या काळीं चमत्कारासारखी वाटली. परंतु लवकरच वैद्यांच्या ध्यानांत आलें कीं, असा मनुष्य जगतो खरा, पण पूर्वीसारखा जेवूं शकत नाहीं. जठर ही अन्नाची कोठी आहे. ती थोडें थोडें अन्न आतड्याकडे सोडते. ही कोठीच गेली, किंवा तिचें दार मोठें झालें, म्हणजे गोड पदार्थ एकदम आतड्यांत उतरतो, शरीरांतील पाणी त्याकडे ओढलें जातें, आणि जेवून उठतांच धडधड, घाम, भोंवळ, पोटांत कळ व जुलाब हीं लक्षणें सुरू होतात. हर्ट्झ या इंग्रज वैद्यानें १९१३ सालीं या विकाराचें वर्णन केलें, आणि १९२२ सालीं मिक्स या अमेरिकन वैद्यानें त्यास ‘डंपिंग’, म्हणजे भसकन् ओतणें, हा शब्द योजिला. आज शस्त्रक्रिया झालेल्या मनुष्यास जिलेबी खातांच जें होतें, त्याचें नामकरण शंभर वर्षांपूर्वींच होऊन गेलें आहे.

दुसरा धडा रक्तानें शिकविला. जठर काढलेल्या माणसांस कांहीं वर्षांनीं पांडुरोग होई. बोस्टन येथील विल्यम कॅसल यानें १९२९ च्या सुमारास दाखवून दिलें कीं, जठर आम्लाखेरीज आणखी एक द्रव्य निर्माण करतें, आणि त्यावांचून अन्नांतील एक आवश्यक घटक अंगीं लागत नाहीं. हा घटक म्हणजेच १९४८ सालीं शुद्ध स्वरूपांत हातीं आलेलें ब-१२ जीवनसत्त्व. तें दूध, अंडीं, मासे व मांस यांत असतें. धान्यांत व भाजींत तें मिळत नाहीं. म्हणून जठर लहान करून घेणाऱ्या प्रत्येकानें ब-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व वैद्याच्या सल्ल्यानें जन्मभर घेतलें पाहिजे; आणि ज्या घरांत अंडेंही येत नाहीं, तेथें याविषयीं विशेष दक्षता हवी.

केवळ स्थूलतेसाठीं म्हणून जी शस्त्रक्रिया निघाली, तिचा उगम अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठाकडे जातो. योगायोग असा कीं, याच विद्यापीठांत अन्सेल कीज यानें १९४४-४५ सालीं उपासमारीचा प्रसिद्ध प्रयोग केला होता. ३६ निरोगी तरुण स्वेच्छेनें सहा महिने अर्धपोटीं राहिले, आणि त्यांचें वजन सुमारें एकचतुर्थांशानें उतरलें. युद्धानें उपाशी पडलेल्या लोकांस पुन्हा अन्न कसें द्यावें, हें जाणण्याचा त्यांत हेतु होता. त्या तरुणांस रात्रंदिवस अन्नावांचून दुसरें कांहीं सुचेना. कित्येक पाकशास्त्राचीं पुस्तकें जमवूं लागले. आणि पोटभर मिळूं लागल्यावरही पुष्कळांची भूक बराच काळ शमली नाहीं. पोट भरणें आणि मन भरणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें त्या प्रयोगानें स्पष्ट केलें.

त्याच ठिकाणच्या क्रेमेन व लिनर या शल्यवैद्यांनीं १९५४ सालीं लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून अन्न पुढें नेण्याची कृति प्रसिद्ध केली. मनुष्यानें हवें तेवढें खावें आणि तें अंगीं न लागतां निघून जावें, असा हा बेत होता. त्याची किंमत जबर पडली: सततचे जुलाब, मुतखडे, यकृताचा ऱ्हास. पुढें ही कृति सोडून द्यावी लागली. १९६६ सालीं आयोवा विद्यापीठाच्या एडवर्ड मेसन यानें वेगळा मार्ग धरिला. व्रणासाठीं जठराचा भाग काढलेलीं माणसें कृशच राहतात, हें पाहून त्यानें जठराचा लहानसा कप्पा वेगळा करून तो आतड्यास जोडला. आज हा कप्पा सुमारें ३० मिलिलिटरांचा, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांएवढा ठेवितात. अलीकडे अधिक होणाऱ्या दुसऱ्या शस्त्रक्रियेंत जठराचा सुमारें तीनचतुर्थांश भाग काढून टाकतात आणि उरलेली नळी केळ्यासारखी दिसते. भूक चेतविणारें ‘घ्रेलिन’ हें द्रव्य १९९९ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं शोधून काढलें. काढून टाकलेल्या भागांतच तें विशेषेंकरून निर्माण होत असल्यामुळें कांहीं काळ भूकच मंदावते. परंतु ही सवलत कायमची नसते. वर्षा-दोन वर्षांनीं भूक बरीचशी परत येते, आणि तोंवर जी संवय लागली असेल तीच पुढें तारते किंवा बुडविते.

ही संवय लावण्याचा क्रम ठरलेला आहे. प्रथम घोट घोट पाणी, निवळ ताक, मुगाचें वा हुलग्याचें गाळलेलें कढण. मग कांहीं दिवसांनीं घोटून एकजीव केलेलें अन्न. नंतर मऊ पदार्थ. आणि सुमारें सहा ते आठ आठवड्यांनीं साधें जेवण. घास लहान घ्यावा व पुष्कळ चावावा, जेवतांना पाणी पिऊं नये, तें अर्ध्या तासानें घ्यावें. दिवसाकांठीं साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनें पोटांत जावीं, म्हणून डाळ, दही, पनीर, अंडें किंवा मासा आधीं खावा आणि भाकरीकडे नंतर वळावें. वाचकांस हा क्रम परका वाटण्याचें कारण नाहीं. आयुर्वेदांत वमन-विरेचनानंतर जो संसर्जनक्रम सांगितला आहे, त्यांतही आधीं पेया, मग विलेपी, मग यूष अशी पायरी पायरीनेंच अन्नाकडे परत येण्याची व्यवस्था आहे. आणि जठराचा कांहीं भाग रिकामा ठेवून उठावें, हा उपदेशही त्याच शास्त्राचा आहे. आमच्या पूर्वजांस ही शस्त्रक्रिया ठाऊक होती असा याचा अर्थ नव्हे. दुबळ्या झालेल्या जठराशीं सबुरीनें वागावें, एवढा अनुभव मात्र त्यांच्या पदरीं निश्चित होता.

आतां लहान जठर घेऊन मनुष्य ज्या भूमींत परत येतो, तिचा इतिहास पाहूं. शिरूर व दौंड हे तालुके पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील अवर्षणाच्या पट्ट्यांत येतात. १८७६ सालीं पाऊस गेला आणि या पूर्वभागास दुष्काळानें घेरलें. १८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल यानें दुष्काळी कामावरील मजुरास दिवसाचें एक पौंड, म्हणजे सुमारें साडेचारशें ग्रॅम, धान्य पुरे असें मानून मजुरीचें मान खालीं आणलें. दिवसभर राबणाऱ्या माणसाचें तेवढ्यांत भागेना. दक्षिणेंतील हजारों मजूर कामें सोडून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांचें गाऱ्हाणें सरकारापुढें मांडलें. १८७८ सालीं सुरू झालेल्या दौंड-मनमाड लोहमार्गाचें मातीकाम अशाच दुष्काळी मजुरांच्या हातून झालें. १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं मध्यप्रांतांतून उपाशी मुली आणून दौंड तालुक्यांतील केडगांव येथें त्यांस आश्रय दिला. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडून सुकडीवर दिवस काढलेलीं माणसें तर आजही गांवोगांव भेटतात.

जेथें अन्न असें दुर्मिळ, तेथें अन्न देणें हीच प्रीति आणि हाच मान ठरतो. १८०९ सालीं शिरूर येथें मृत्यु पावलेल्या कर्नल वॉलेस या इंग्रज सेनाधिकाऱ्यास आसपासचे लोक ‘सत्पुरुष’ मानीत आणि सुगीच्या वेळीं त्याच्या थडग्यापुढें नव्या धान्याचा नैवेद्य ठेवीत, असें पुणें जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे. परक्या शिपायाविषयींचा आदरही या प्रांतानें अन्नानेंच व्यक्त केला. आमच्या पंगतींतला आग्रह याच मातींत रुजला, असें आम्हांस वाटतें. उद्यांचा भरंवसा नसतांना ‘आणखी एक घ्या’ म्हणणें हें मोठें औदार्य होतें.

पुढें धरणें झालीं, कालवे आले, उंसाचे मळे पसरले, केडगांवच्या बाजूस गुऱ्हाळें धुराडीं सोडूं लागलीं आणि रांजणगांवास कारखाने उभे राहिले. अन्न वाढलें, अंगमेहनत घटली. आग्रह मात्र दुष्काळांतलाच राहिला. शरीरेंही जुनीं आठवण धरून असावींत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत जो अभ्यास चालविला, त्यांत तेथील नवजात बालकांचें वजन सरासरीनें सुमारें २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउदॅम्टन येथील बालकांचें ३.५ किलो होतें. पण आमचीं बालकें स्नायूंनीं व अवयवांनीं जितकीं लहान होतीं, तितकी त्यांची चरबी कमी नव्हती. पिढ्यान्‌पिढ्यांची कमतरता सोसलेलें शरीर विपुलतेपुढें अडखळतें, असा याचा एक अर्थ लाविला जातो.

अशा घरांत, अशा पंगतींत, दोन चमच्यांचें जठर घेऊन मनुष्य बसतो. अर्धी वाटी वरण आणि भाकरीचा तुकडा यांतच त्याचें पोट भरतें. घरची माउली कष्टी होते. पाहुणे म्हणतात, एवढा पैसा खर्चून उपाशींच राहावयाचें होतें काय? भिडेस पडून त्यानें चार घास अधिक घेतले, कीं छातींत कोंडतें आणि उलटी होते. कोरडी बाजरीची भाकरी, घट्ट भात, ताजा पाव हे पदार्थ गोळा होऊन विशेष त्रास देतात. भाकरी वरणांत कुस्करून घेतली तर सोसते. वरचेवर उलट्या होऊं लागल्या तर ब-१ जीवनसत्त्व खचतें, मज्जा व स्मृति यांस इजा होते. अशा वेळीं घरगुती उपाय न करतां तत्काळ वैद्याकडे गेलें पाहिजे. उलट पक्षीं सरबतें, आइस्क्रीम, फरसाण हीं विनासायास उतरतात. त्यांची चटक लागली कीं उतरलेलें वजन पुन्हा चढूं लागतें. म्हणजे घरच्या प्रेमाचे दोन्ही प्रकार, पानावरचा आग्रह आणि ‘निदान एवढें तरी गोड घे’ ही विनवणी, त्या मनुष्यास अपाय करतात. आणि तो पंगत टाळूं लागला, तर ज्या सोबतीसाठीं आपण जेवतों तीच त्याची तुटते.

यास उपाय सोपा आहे, परंतु तो एकट्या रोग्याच्या हातीं नाहीं. लहान ताटलींत मोजकें वाढावें, म्हणजे अन्न टाकल्याचा दोष त्याजकडे येत नाहीं. डाळ-दही आधीं द्यावें. आणि इतरांचें जेवण होईपर्यंत त्यास पंगतींत बसूं द्यावें. पोटाचा आकार शल्यवैद्य ठरवितो. त्या पोटाशीं जगणें सुसह्य करणें हें वाढणाऱ्यांचें काम आहे. ज्या प्रांतानें दुष्काळांत आपल्या भाकरींतील चतकोर शेजाऱ्यास दिली, त्यास चतकोरीची किंमत नव्यानें सांगावी लागूं नये. त्या चतकोरींत तृप्त होणारा मनुष्य शेजारच्या पाटावर बसला असतां त्याचें ‘पुरे’ पहिल्याच वेळीं ऐकावें. त्याचा मान एवढ्यानें पूर्ण राखला जातो.