गंजिफा : कोकणच्या दशावतारी पत्त्यांची गोष्ट

१) संग्रह करावा, अदलाबदल करावी आणि खेळावेही, अशा पत्त्यांची आज जगभर मोठी बाजारपेठ आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड गारफिल्ड यांचा ‘मॅजिक’ आला आणि १९९६ मध्ये जपानमध्ये पोकेमॉनचे पत्ते आले. हे पत्ते जन्मतःच संग्रहासाठी घडवलेले होते. कोकणातील गंजिफाचा प्रवास मात्र नेमका उलट दिशेने झाला.

२) गंजिफा हा खेळ पर्शियाकडून हिंदुस्थानात आला. १५२७ मध्ये बाबराने सिंधच्या शाह हसनला, त्याच्या आवडीखातर, गंजिफा पाठवल्याची नोंद ‘बाबरनामा’त आहे. अकबराच्या दरबारातील बारा रंगांच्या, १४४ पानांच्या गंजिफाचे वर्णन अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त केले आहे. पुढे आठ रंगांचा, ९६ पानांचा मोगल गंजिफा अधिक रूढ झाला.

३) दक्षिणेत येता येता या खेळाने रूप पालटले. गुलाम, ताज, शमशेर या दरबारी चिन्हांच्या जागी विष्णूचे दहा अवतार आले. दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२०. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अंकांची पाने. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे आणि परशुरामाच्या पानांवर परशू. खेडहून चिपळूणला जाताना ज्याच्या नावाचा घाट ओलांडावा लागतो, तोच हा परशुराम.

४) पाने वर्तुळाकार. कापडाला चिंचोक्याची खळ देऊन पान कडक करायचे, त्यावर रंगकाम करायचे आणि शेवटी लाखेचा लेप द्यायचा. सावंतवाडीत हे काम चितारी समाजाने केले. खेम सावंत तिसरे (कारकीर्द १७५५ ते १८०३) यांच्या काळात तेलंगणाकडून आलेल्या पंडितांमुळे हा खेळ संस्थानात रुजला, असे परंपरा सांगते.

५) खेळ बुद्धीची कसोटी पाहणारा. पाच रंगांत दहाचे पान वरचढ आणि एक्का सर्वांत दुबळा. उरलेल्या पाचांत हा क्रम उलटा. दिवसा ज्याच्या हाती रामाचा राजा असेल त्याने डाव सुरू करायचा, रात्री हा मान कृष्णाच्या राजाकडे. हुकूम नाही, कोणती पाने पडून गेली हे ध्यानात ठेवणाराच जिंकतो.

६) पुढे ५२ पानांचे छापील पत्ते आले. ते स्वस्त होते, शिकायला सोपे होते. हाताने रंगवलेल्या १२० पानांचा त्यांच्यापुढे निभाव लागेना. खेळणारे कमी झाले, तशी चिताऱ्यांची मागणीही आटली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला जाणणारे हात बोटांवर मोजण्याइतकेच उरले.

७) तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी वृद्ध चिताऱ्याकडून ही विद्या शिकून घेतली आणि १९७१ च्या सुमारास राजवाड्यातच तिची कार्यशाळा उभी केली. तिथे आजही कलाकार गंजिफा रंगवतात. सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

८) कला वाचली, ती संग्राहकांमुळे. आज बहुतेक संच भेटवस्तू म्हणून घेतले जातात आणि काचेआड ठेवले जातात. रंगवणारे हात टिकले, पण डाव मांडणारे विरळ झाले. चित्र संग्रहालयात जपता येते. खेळाचे नियम मात्र खेळणाऱ्यांच्या स्मरणातच जगतात. गंजिफाचा संच घरी असेल, तर त्याची पाने एकदा तरी वाटली जावीत.