भारतीय बालयकृत सूत्रणरोग

भारतीय बालयकृत सूत्रणरोग : लहान मुलांना होणारा यकृताचा एक मारक विकार. सहा महिने ते पाच वर्षे या वयात आणि त्यातही एक ते तीन वर्षांच्या मुलांत तो विशेषेकरून आढळे. यात यकृताच्या पेशी फुगून मरतात, त्यांच्या भोवती तंतुमय ऊतकाचे जाळे विणले जाते आणि यकृत घट्ट होत जाते. या जाळे विणण्याच्या क्रियेवरूनच ‘सूत्रण’ ही संज्ञा आली आहे. डॉक्टरांच्या बोलण्यात तो ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस’ किंवा नुसता ‘आयसीसी’ असतो. जुन्या ग्रंथांत ‘इन्फन्टाइल लिव्हर’ असे नाव आढळते. घरोघरी मात्र ‘मुलाचे लिव्हर वाढले’ एवढेच सांगत. उपचार न मिळालेली बहुतेक मुले निदानानंतर वर्षभराच्या आत दगावत. १९८० नंतरच्या दोन दशकांत हा रोग झपाट्याने ओसरला आणि आज तो क्वचितच दिसतो. त्याच्या संशोधनाचा मोठा भाग पुण्यात झाला असल्याने मराठी वाचकाच्या दृष्टीने या नोंदीला वेगळे महत्त्व आहे.

इतिहास : या रोगाचे पहिले वर्णन १८८७ साली कलकत्त्यात सेन यांनी केले. गिबन्स यांनी १८९१ मध्ये रोगी यकृताची सूक्ष्मदर्शकीय तपासणी प्रसिद्ध केली. पुढे बंगाल, मद्रास, म्हैसूर, पंजाब आणि महाराष्ट्र येथून रुग्णांच्या नोंदी येत राहिल्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या यकृतरोग उपसमितीने १९५५ मध्ये देशभरातील माहिती एकत्र करून या रोगाची ओळख निश्चित केली.

लक्षणे : सुरुवात फसवी असते. मूल चिडचिडे होते, नीट खात नाही, अधूनमधून अंग कोमट लागते, पोट मोठे दिसू लागते. आईला वाटते, दात येत असतील किंवा जंत झाले असतील. पोट चाचपल्यावर मात्र बरगडीखाली यकृताची कडक व पानासारखी धारदार कड हाताला लागते. ही कड एकदा हाताखालून गेलेला बालरोगतज्ज्ञ ती विसरत नाही. पांथरीही वाढते. पुढच्या टप्प्यात कावीळ, जलोदर, पायांवर सूज आणि रक्तस्राव होतो व शेवटी बेशुद्धी येते. एका घरातील पाठची भावंडेही दगावल्याच्या नोंदी पुष्कळ आहेत. त्यामुळे घराण्याला शाप आहे, कुणाची दृष्ट लागली, अशा समजुती रूढ झाल्या आणि दोष सुनेच्या माथी मारला गेला.

विकृतिविज्ञान : यकृतपेशी फुगलेल्या असतात आणि त्यांत मॅलरी काच नावाचे गुलाबीसर पदार्थ दिसतात. मद्यपानाने झालेल्या यकृतविकारातही ते दिसतात, पण येथे चरबी साठत नाही, हा फरक महत्त्वाचा. तंतू एकेका पेशीभोवती सरपटत गेल्यासारखे पसरतात. एरवी यकृत मेलेल्या भागाच्या जागी नवी वाढ करते. या रोगात ती वाढ जवळजवळ होत नाही. ऑर्सीन या रंजकाने रंगवल्यावर पेशींत गडद तपकिरी, भरड कण उठून दिसतात. तांब्याशी बांधलेल्या प्रथिनाचे ते कण असतात आणि पुढच्या साऱ्या संशोधनाला याच कणांनी वळण दिले.

कारणांचा शोध : सुमारे नव्वद वर्षे संशय एकीकडून दुसरीकडे फिरत राहिला. कुपोषण, विषाणू, आनुवंशिकता, घरगुती वनौषधी या सर्वांची पाळी येऊन गेली. म्हैसूर येथील अभ्यासकांनी भुईमुगाच्या पेंडीवरील बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष कारणीभूत असावे असे मांडले. ते मत काही काळ बरेच मान्य होते. रुग्णांच्या जातवार नोंदीही झाल्या. त्यांत हिंदू, मध्यमवर्गीय आणि शाकाहारी घरांतील मुले जास्त आढळली, मुसलमान घरांतील कमी. रुग्णालयात कोण येऊ शकत होते यावरही असे आकडे अवलंबून असतात, म्हणून ते जपूनच वाचावेत. तरीही त्यांतून एक प्रश्न निघायला हवा होता, तो म्हणजे या घरांच्या स्वयंपाकात वेगळे काय आहे. तो विचारायला फार वर्षे लागली.

१९७९ हे वर्ष निर्णायक ठरले. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्या वर्षी दोन लेख आले. एकात पॉपर, गोल्डफिशर, स्टर्नलीब, नायक व माधवन यांनी रोगी पेशींतील तांब्याचे व त्याच्या विषारी परिणामांचे वर्णन केले. दुसऱ्यात टॅनर व सहकाऱ्यांनी यकृतातील तांब्याचे प्रत्यक्ष मोजमाप दिले. त्या लेखावर लंडन व ॲबर्डीन येथील संशोधकांच्या नावांबरोबर पुण्याच्या आनंद पंडित यांचेही नाव होते. निरोगी मुलाच्या एक ग्रॅम वाळलेल्या यकृतात तांबे साधारणपणे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असते. या मुलांत ते बहुधा १,००० च्या पुढे आणि काहींत त्याच्या कित्येक पट भरले. विल्सन रोगातही यकृतात तांबे साचते, परंतु तो आनुवंशिक रोग आहे. त्यात रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन हे तांबे वाहणारे प्रथिन सहसा घटते, तर येथे ते प्राकृत किंवा वाढलेले असते. त्यामुळे हे तांबे बाहेरून आले असावे, हा तर्क बळावला.

पुण्यातील संशोधन : पुण्याच्या रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालयात आनंद पंडित, शीला भावे आणि त्यांचे सहकारी यांनी स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर हा तर्क तपासला. आसपासच्या जिल्ह्यांतून येणारी आजारी मुले त्यांच्यासमोर होती. त्यांनी केलेले काम वरवर पाहता साधे होते. मुलाच्या आईला समोर बसवून तिला बारकाईने प्रश्न विचारले. बाळाला अंगावर किती दिवस पाजले, वरचे दूध केव्हा सुरू केले, ते गाईचे की म्हशीचे, कशात तापवले आणि तापवल्यावर कशात ठेवले, हे ते प्रश्न होते. त्याच वयाच्या निरोगी मुलांच्या आयांनाही तेच विचारले. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आणि पुढे १९८७ मध्ये, जोडीने निवडलेल्या निरोगी मुलांशी तुलना करून, हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोगी मुलांना वरचे दूध लवकर सुरू झालेले होते आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेले वा साठवलेले असण्याचे प्रमाण त्यांच्यात जास्त होते.

प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने या संशोधनातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. नव्वद वर्षे शवविच्छेदनाच्या टेबलावर जे उत्तर मिळाले नाही, त्याची दिशा आयांच्या तोंडच्या माहितीने दाखवली. दुधाच्या पातेल्याची चौकशी हा वैद्यकीय इतिहास घेण्याचा भाग आहे, हे यानंतर बालरोगतज्ज्ञांना शिकवले जाऊ लागले.

दूध, पितळ आणि कल्हई : पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. त्यात निम्म्याहून अधिक तांबेच असते. दूध अशा भांड्यात तापवले व तसेच राहू दिले की धातूतील तांबे दुधात उतरते. पाण्यातही ते उतरते, पण दुधातील केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवते आणि बाळाच्या आतड्यापर्यंत पोचवते. ओनील व टॅनर यांनी १९८९ मध्ये गाईचे दूध आणि पितळी भांडी वापरून हे प्रयोगाने दाखवले. मुळात नवजात बालकाच्या यकृतात तांब्याचा साठा मोठ्या माणसापेक्षा पुष्कळ जास्त असतो आणि तो पहिल्या काही महिन्यांत उतरतो. तांबे शरीराबाहेर टाकण्याची वाट म्हणजे पित्त, आणि तान्ह्या बाळात ती पुरती मोकळी झालेली नसते. नेमक्या याच काळात बाहेरून आणखी तांबे आले तर ते यकृतात अडकून राहते.

या धोक्यावर आपल्याकडे जुना उपाय होता तो कल्हईचा. कल्हईवाला भट्टी पेटवून भात्याने वारा घाली, भांडे तापवी, त्यात नवसागराची पूड टाकी, कथलाची कांडी टेकवी आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेले कथील आतून सगळीकडे फिरवी. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते. हा पातळ थर दूध आणि पितळ यांच्यामध्ये उभा राहतो. परंतु चिंच, राख, माती यांनी रोज घासल्यावर तो झिजतो आणि कल्हई पुन्हा करून घ्यावी लागते. ताक किंवा आंबट आमटी बिनकल्हईच्या भांड्यात ठेवली की कळकते. तिची चव बिघडते, रंग फिरतो आणि गृहिणीला ते लगेच समजते. दूध गोडे असल्याने तसे कळकत नाही. म्हणून ताकाच्या भांड्याची कल्हई उडाली तर ती ध्यानात येते, दुधाच्या पातेल्याची मात्र चुकून राहते. या बारकाव्याकडे वैद्यकीय लेखनात जितके लक्ष जायला हवे होते तितके गेलेले नाही.

इतर देश : ऑस्ट्रियाच्या टिरोल भागात याच्याशी मिळताजुळता रोग होता. १९०० ते १९७४ या काळात तेथे १३८ बालके त्याने मेली. गाईच्या दुधाचे गोड पातळ खाद्य बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात उकळून बाळांना देण्याची तेथे रीत होती. भांडी बदलली आणि रोग नाहीसा झाला. वंशावळ्या तपासल्यावर तेथे आनुवंशिक दोषही सोबत असावा असे १९९६ मध्ये मांडले गेले. जर्मनीत तांब्याच्या नळांतून आलेल्या आम्लधर्मी विहिरीच्या पाण्याशी जोडलेले रुग्ण आढळले. अमेरिकेतील एका कुटुंबातील भावंडांत अशीच विकृती असल्याचे १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले.

मतभेद : तांबे हेच एकमेव कारण आहे, याविषयी एकमत नाही. पितळी भांड्यातले दूध प्यालेली असंख्य मुले निरोगी राहिली, मग मोजक्यांनाच रोग का झाला? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात पिण्याच्या पाण्यात तांबे बरेच असलेल्या तीन गावांची पाहणी शाइनबर्ग व स्टर्नलीब यांनी केली. तेथे लहान मुलांत यकृतरोगाने मृत्यू झालेले आढळले नाहीत, असे त्यांनी १९९४ मध्ये लिहिले. १९७९ च्या लेखाच्या लेखकांपैकी एक असलेल्या नायक यांनीच पुढे चितळे यांच्यासह २०१३ मध्ये तांब्याच्या उपपत्तीवर गंभीर आक्षेप नोंदवले. आनुवंशिक कमकुवतपणा आणि तांबे यांच्या संयोगाने रोग होतो, ही मधली भूमिका आज अधिक प्रमाणात घेतली जाते. तसा एखादा विशिष्ट जनुक मात्र सर्वमान्य झालेला नाही.

उपचार : पूर्वी यकृतावरील निरनिराळे काढे, यकृताच्या अर्काची इंजेक्शने, स्टेरॉइडे असे सर्व काही देऊन झाले होते. खात्रीचा गुण कशानेच येत नव्हता. डी-पेनिसिलामाइन हे तांब्याला बांधून लघवीवाटे बाहेर काढणारे औषध विल्सन रोगात १९५६ पासून वापरात होते. पुण्याच्या गटाने त्याच्या या रोगावरील चाचण्या १९८७ मध्ये प्रसिद्ध केल्या. मात्रा दर किलो वजनाला रोज २० मिलिग्रॅम होती. औषध लवकर, म्हणजे कावीळ व जलोदर होण्याआधी, सुरू झाल्यास मुले वाचण्याचे प्रमाण वाढले. फार उशिरा आलेल्या मुलांना त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

पुण्याच्याच आशिष बावडेकर व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दिलेली माहिती याहून पुढची आहे. औषध घेऊन किमान पाच वर्षे जगलेल्या २९ मुलांचा त्यांनी पाठपुरावा केला होता. त्यांच्या यकृताचे तुकडे वेळोवेळी तपासले तेव्हा सक्रिय रोग, मग शांत झालेले सूत्रण आणि काहींत जवळजवळ प्राकृत ऊतक, असा क्रम दिसला. सूत्रण झालेले यकृत पूर्ववत होत नाही हा पाठ्यपुस्तकांतील जुना सिद्धांत होता. पुण्याच्या या मुलांनी त्याला छेद दिला, आणि या कामाची दखल यकृतविज्ञानात याहून ठळकपणे घेतली जायला हवी.

प्रतिरोपण : या रोगाच्या भराच्या काळात भारतात यकृत प्रतिरोपणाची सोय नव्हती. देशात मुलावरील पहिले यशस्वी प्रतिरोपण १९९८ मध्ये झाले.

सद्यस्थिती व प्रतिबंध : रोग ओसरण्याचे श्रेय कोणाला द्यावे, याबाबतही एकच उत्तर नाही. डॉक्टरांनी केलेल्या प्रचाराचा त्यात वाटा आहे. परंतु त्याच काळात घराघरांतून पितळी भांडी मोडीत गेली आणि त्यांच्या जागी स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियमची आली. कल्हईवाल्याची हाक गल्ल्यांतून ऐकू येईनाशी झाली, ती याच सुमारास. आता आरोग्यदायी म्हणून तांब्या-पितळेची भांडी पुन्हा विकत घेतली जात आहेत. मोठ्या माणसाने तांब्याच्या भांड्यातले पाणी प्यावे की नाही हा या नोंदीचा विषय नाही. तान्ह्या मुलाचे दूध, पेज किंवा पाणी मात्र अशा भांड्यात तापवू नये आणि ठेवूही नये. पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावर पाजावे. वरचे दूध द्यावेच लागले तर ते स्टीलच्या पातेल्यात तापवावे.