देवळालीचा ताप आणि सैनिकाची संतती

आपल्या भिवंडीजवळून मुंबई-आग्रा रस्ता नाशिककडे जातो. त्या नाशिकजवळच्या देवळालीच्या नावाचा एक शब्द इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसलाय, ‘डुलॅली’. अर्थ काय, तर डोकं फिरलेला!

१८६१ साली ब्रिटिशांनी देवळालीला छावणी उभारली. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर विलायतेच्या जहाजाची वाट पाहत तिथे राहत. जहाजं सुटायची हिवाळ्यात. हंगाम चुकला की महिनोन्महिने मुक्काम. उन्हाळा, हिवताप, दारू आणि हाताला काम नाही. कुणी भ्रमिष्टासारखं वागू लागला की सोबती म्हणत, ‘डुलॅली टॅप’. यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. आता बघा, दुखण्याला थट्टेचं नाव पडलं. आणि थट्टेवर कुणी औषध शोधत नाही.

पुढे नावं बदलत गेली. १९१५ साली डॉ. चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ‘शेल शॉक’ हा शब्द छापला. व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० साली, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ला आजार म्हणून मान्यता दिली. आपण त्याला आघातोत्तर ताणविकार म्हणू.

पण आपली माणसं? डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ इराकातल्या कूट इथे पुणे डिव्हिजन वेढ्यात अडकली होती. तीत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. वेढ्यात उपासमार झाली, शेवटी शरणागती पत्करावी लागली. सुमारे तेरा हजार कैदी झाले. साध्या शिपायांना वाळवंटातून पायी नेलं, पुढे रेल्वेच्या कामाला जुंपलं. जे परत आले त्यांच्या रात्री कशा गेल्या, हे विचारायला त्या काळी गावात डॉक्टर नव्हता, आणि आजाराला नावही नव्हतं.

आता विज्ञान एक नवी गोष्ट सांगतं, तिचं नाव एपिजेनेटिक्स. जनुकांची पोथी तीच राहते, पण कुठलं पान वाचायचं आणि कुठलं मिटून ठेवायचं, याच्या रासायनिक खुणा बदलतात. अफगाणिस्तानला गेलेल्या डच सैनिकांचं रक्त जाण्याआधी आणि परतल्यावर तपासलं. ज्यांची लक्षणं वाढली, त्यांच्यात काही ठिकाणी या खुणा बदललेल्या आढळल्या. म्हणजे ‘मनाचा कमकुवतपणा’ हा आरोप टिकत नाही. शरीरच साक्ष देतं.

मग लगेच प्रश्न येतो, ही खूण मुलांत उतरते का? अमेरिकन यादवी युद्धातल्या कैद्यांच्या मुलांवरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. छावणीत अतोनात हाल सोसलेल्या बापांचे मुलगे इतर सैनिकांच्या मुलांपेक्षा कमी जगले. मुलींत हा फरक दिसला नाही. इथे जनुकं तपासली नव्हती. इतर कारणं बाजूला सारून एपिजेनेटिक्सचा तर्क केला होता. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे. वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत जन्मलेल्या मुलांत हा परिणाम दिसत नाही. कारण ती पोटात असताना सुगी होती आणि आईला पुरेसं अन्न मिळालं होतं.

तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर, कारण वेगळं आणि प्रारब्ध वेगळं. ‘आजोबा कूटला होते म्हणून नातू असा’ असं आपण म्हणू लागलो, तर देवळालीचीच चूक पुन्हा करू. तिथे थट्टेचा शिक्का होता, इथे शास्त्राचा होईल. आपल्याला कामाची गोष्ट ती आईच्या ताटातली आहे. जवान सीमेवरून घरी येतो, झोपेत दचकतो, फटाक्याने अंग चोरतो. तेव्हा ‘फौजी असून घाबरतो?’ असं कुणी म्हणू नये. त्याला डॉक्टरकडे न्यावं, आणि घरातल्या बाईच्या खाण्यापिण्याकडे, विश्रांतीकडे तितकंच लक्ष द्यावं.